थिबाच्या गावातून पाहिलेला निकाल

आजचा धागा इतिहासाचाच आहे. फक्त त्यातले एक साधन माझी स्वतःची जुनी वही आहे.

८ नोव्हेंबर २०१५. आपल्याकडे त्या दिवशी बिहारचा निकाल लागला, दिवाळी तोंडावर होती. त्याच दिवशी म्यानमारमध्ये मतदान झाले. मी तेव्हा रत्नागिरीत दहावीत होते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली आमच्या गावी आणून ठेवले. १९१६च्या डिसेंबरात तो इथेच वारला. राजवाडा रोजच्या पाहण्यातला आणि टिळकांचे मंडाले पाठ्यपुस्तकातले, त्यामुळे तो देश मला कधी परका वाटलाच नाही.

निवडून द्यावयाच्या ४९१ जागांपैकी ३९० आंग सान स्यू ची यांच्या पक्षाला मिळाल्या. मी वहीत लिहिले : 'ज्यांचा राजा इथे कैदेत मेला, ती प्रजा आज मुक्त झाली.' या वाक्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

परवा एम.ए.च्या प्रबंधासाठी म्यानमारची २००८ची राज्यघटना वाचत असताना ती वही आठवली. नर्गिस वादळाने लाखाहून अधिक माणसे मेल्यावर आठवडाभरात लष्कराने या घटनेवर सार्वमत उरकून घेतले होते. (वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागांना मतदानासाठी दोन आठवडे वाढवून दिले, एवढीच काय ती सवलत.) त्या घटनेनुसार संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ लष्कराच्या. महत्त्वाच्या कलमांत दुरुस्ती करायची, तर ७५ टक्क्यांहून अधिक मते हवीत. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सेनापतीने नेमलेल्या मंत्र्यांकडे. म्हणजे ३९० जागा जिंकूनही पोलीस हाती येणार नव्हते.

हे सारे तेव्हाच्या बातम्यांत होते. मी ते वाचून पुढे गेले होते.

त्याहून मनाला लागते ती दुसरी गोष्ट. २०१०मध्ये ज्या रोहिंग्यांनी मतदान केले होते, त्यांची तात्पुरती 'पांढरी' ओळखपत्रे २०१५च्या आरंभी रद्द झाली आणि त्यांचा मताधिकार गेला. स्यू ची यांच्या पक्षाने हजाराहून अधिक उमेदवार उभे केले. त्यांत मुसलमान एकही नव्हता. ऑगस्ट २०१७पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले आणि डिसेंबर २०१९मध्ये स्यू ची हेगच्या न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. ते पाहताना फसवणूक झाल्यासारखे वाटले होते. वस्तुतः मला कोणी फसवले नव्हते. माझ्या 'प्रजा' या शब्दात कोण कोण येते, हे मीच विचारले नव्हते.

मग तो निकाल खोटा होता का? तसेही म्हणवत नाही. २०२०मध्ये तेच मतदार पुन्हा रांगेत उभे राहिले आणि ४७६पैकी ३९६ जागा त्यांनी त्याच पक्षाला दिल्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरायच्या दिवशीच, पहाटे लष्कराने सत्ता बळकावली. एवढी कवचे असूनही लष्कराला तो कौल सोसवला नाही. मतपेटीत काहीच नसते, तर रणगाडे कशाला लागले असते?

दिवाळीला घरी गेले तेव्हा वही काढली. ते वाक्य खोडले नाही. समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले : 'मतदारयादी पाहणे.'