डोळ्यातलं लोखंड

संपादकानं कविता मागितली होती. कविता नाही, हे आहे. माझ्या उजव्या डोळ्याचं.

सूतगिरणीत मी ठेकेदाराचा माणूस. हजेरी त्याच्या वहीत, गिरणीच्या दप्तरात माझं नाव नाही. एका रात्रपाळीत रिंग फ्रेमचं बेअरिंग अडकलं. फिटर जागेवर नव्हता. मुकादम म्हणाला, "मार की दोन दणकं." छिन्नी जुनी. हातोडा खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं, कडा पाकळ्यांसारख्या वळतात. तिसऱ्या दणक्याला त्यातली एक कपची उडाली. डोळ्यात मुंगी चावल्यागत झालं, बस. रक्त नाही, काही नाही. चष्मा? चष्मे हापिसातल्या कपाटात. तपासणी आली की बाहेर येतात.

आठवड्याभरात त्या डोळ्यापुढं धूर दाटला. ठेकेदार म्हणाला, "दवाखान्यात सांग, न्हाणीत घसरलो, डोकं आपटलं. गिरणीचं नाव काढलंस तर उद्यापासनं येऊ नगंस." बहिणीची फी थकलेली. मी न्हाणी सांगितली.

डॉक्टरनं खरं मानलं. डोक्याला मार आणि नजर कमी, म्हणजे डोळ्यामागच्या शिरेला इजा असेल, असा त्याचा हिशोब. लिहून दिला एमआरआय.

आता एमआरआय म्हणजे काय, तर लोहचुंबक. दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या घरात जातं. शिरा, स्नायू, डोळ्यामागची चरबी, सगळं ते वेगळं काढून दाखवतं. पण आत लोखंड असेल तर ते लोखंड ओढतं. १९८६ साली अमेरिकेतली एक केस छापून आली. पत्र्याचं काम केलेला कामगार. डोळ्यात बारीक तुकडा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्रात तुकडा हलला, आत रक्त झालं, तो डोळा गेला.

हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी दाराशी फक्त एक टेक्निशियन होता, हातात फॉर्म. पेसमेकर? ऑपरेशन? डोळ्यात कधी लोखंड उडालंय? आत यंत्र ठकठकत होतं, खात्यातल्यासारखं. 'न्हाई' जिभेवर आलं होतं. म्हटलं, "उडालंय. गिरणीत."

त्यानं दंडाला धरून मला बाहेर बसवलं.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरून लावला होता. तेव्हा आपलं तोंड लागायला नको होतं. आता उघडायला नको.

मग सीटी झाला. ही तऱ्हा वेगळी. क्ष-किरण चहूबाजूंनी फिरवायचे आणि संगणकानं एकेक मिलिमीटरचे काप जुळवायचे. हे काढलं गॉडफ्रे हाउन्सफील्डनं. शेतकऱ्याचा पोरगा, विद्यापीठाची पदवी नाही. नोकरी ईएमआय कंपनीत, म्हणजे तीच, कुत्रा छाप रेकॉर्डवाली. १९७१ साली लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला, १९७९ साली नोबेल. मी दहावी नापास, म्हणून हे जरा चवीनं सांगतो.

पडद्यावर डोळ्याची खोबण काळी-करडी. बुबुळाच्या पार मागं एक पांढरी ठिणगी. दोन मिलिमीटर.

जखम बुजली आहे याची खात्री करून, मिटल्या पापणीवर जेली लावून सोनोग्राफीही केली. उघड्या जखमेवर ती दाबत नाहीत. डोळ्याचा पडदा सुटलेला नव्हता. डॉक्टर म्हणाला, कपची आत राहिली असती तर लोखंड हळूहळू विरघळून पडद्यात उतरलं असतं, महिन्या-वर्षांत नजर मारली असती. डोळा आतून गंजतो, दोस्तांनो. माझ्या कुठल्या कवितेत असली ओळ नाही.

बारीक चिमट्यानं कपची काढली. आता त्या डोळ्याला मथळे दिसतात, मजकूर नाही. डॉक्टरनं केसपेपरवरची न्हाणी खोडली आणि खाली लिहिलं: काम करताना छिन्नीची कपची. त्या कागदाच्या मी चार झेरॉक्स काढून ठेवल्यात. ठेकेदारानं वहीतून माझं नाव काढलं.

छिन्नी तिथंच आहे. माझ्या जागी आमच्याच वस्तीतला पोरगा लागलाय, एकोणीस वर्षांचा. काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तर तो पाळीवर गेला होता.