परळची वारी

परळला टाटा रुग्णालय १९४१ साली उघडलं. तेव्हापासून महाराष्ट्रातलीच काय, बिहार-बंगालकडचीही माणसं हातात फायलींची पिशवी घेऊन या रस्त्यावर उतरत आली आहेत.

अक्काला घेऊन मी दर तीन आठवड्यांनी येतो. केमोथेरपीचा दिवस म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. विरहिणींच्या वाट पाहण्यावर वर्गात मी तासन् तास बोललो आहे. हे प्रकरण निराळं. आधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी कमी भरल्या, तर औषध पुढं ढकलायचं. अहवाल हाती येईपर्यंत अक्का माझ्याशी अक्षर बोलत नाही. पेशी पुरेशा आहेत म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा खुलतो. आणि हा आनंद कशाचा? ज्या औषधानं उद्या फोडणीचा वासही सोसणार नाही, ते आज मिळणार याचा!

मग खुर्ची, सलाईन, मळमळीवरचं इंजेक्शन आणि शेवटी ते लालभडक डॉक्सोरुबिसिन. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं नर्सबाई आधीच बजावतात. शेजारच्या खुर्चीतल्या तरुणाला व्हिंक्रिस्टिन चालू होतं. ते सदाफुलीतून काढतात, असं मी सांगितलं.

"आपल्या परसातली सदाफुली?" अक्का उठूनच बसली. "अरे, मी ती दरवर्षी उपटून टाकते!"

तो तरुण खळखळून हसला. सकाळपासून त्या दालनात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाहेर येताच अक्कानं फायलीतली पुढची तारीख दोनदा वाचली. शहाळं घेतलं, अर्धंच प्याली.

"चव नाही रे," म्हणाली, आणि उरलेलं माझ्या हाती दिलं.