जपानवरून आलेला जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचा का?



बहार धरायची वेळ आली की हा प्रश्न येतोच, यंदा जरा जास्तच आला. "तात्या, जपानचा जुना मिनी ट्रॅक्टर दोन-अडीच लाखात मिळतोय, घेऊ का?" आमच्या घरातही पंधरा दिवस जेवताना हाच विषय होता, कारण पुतण्याने एक बघून ठेवला होता. फोनवर एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी मशीनचं. मशीनला नावं ठेवायला फार जागा नाही. कुबोटा, यानमार, इसेकी, शिबौरा हे सगळे भाताच्या चिखलात चालायला बनवलेले. वजनाला हलके, बुटके, बहुतेक फोर व्हील, आणि जागेवर वळतात. तिकडं शेतीत राबणाऱ्या माणसाचं सरासरी वय ६५ च्या पुढं गेलंय, पोरं शहरात. म्हातारा थकला की ट्रॅक्टर लिलावात जातो, तिथून व्यापारी घेतो, चाकं काढून कंटेनरमध्ये भरतो आणि जगभर पाठवतो. (यानमार हे नाव चतुरावरून आलंय. आपली पोरं शेपटीला दोरा बांधतात तो चतुर. तिकडं तो चांगल्या पिकाची खूण मानतात.)

आपलं डाळिंब १४ बाय १० वर. तिसऱ्या वर्षी फांद्या सरीत आल्या की मोठा ट्रॅक्टर आत घालायची सोय राहत नाही, फळाला घासतो. तिथं हा बारका गडी बरोबर बसतो. आमच्या शेजारच्या मळ्यात एक आहे, तीन वर्षं झाली, रोटर मारतो, ब्लोअर ओढतो, डिझेलला कमी. खोटं कशाला बोलू.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. आधीच चालू करून गरम ठेवलं असेल तर चहा घ्या, तासभर बसा, गार होऊ द्या, मग स्टार्टर मारायला सांगा. आवर मीटरच्या आकड्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पायडलचं रबर बघा, ते खरं बोलतं. पुढच्या ॲक्सलला तेल पाझरतंय का बघा, कारण चिखलात राबलेल्या ट्रॅक्टरचे सील आधी जातात. रेडिएटरच्या जाळीत हात घाला. आपल्या नगरच्या एप्रिल-मे महिन्यात मुरमाड रानात रोटर मारताना तो किती तापतो हे तिकडच्या भाताच्या वाफ्यात कुणाला कळलेलं नसतं. अजून एक, बऱ्याच जपानी मॉडेलला पीटीओचे तीन-चार वेग असतात आणि स्टिकर जपानीत. आपला फवारणी पंप ५४० फेऱ्यांवर चालणारा. गडी माणसाने भलत्याच गिअरला टाकला तर पंपाचं वाटोळं. कुठला वेग कुठं आहे ते आधी मोजून पेंटने लिहून ठेवा.

पार्टचं म्हणाल तर फिल्टर, बेअरिंग, बेल्ट, ऑईल सील नंबरवर मिळून जातं. गिअर किंवा क्राउन गेला की दुसरा मेलेला ट्रॅक्टर शोधावा लागतो.

आता कागद. इथं मात्र मी घरातसुद्धा वाईटपणा घेतला.

परदेशातून जुनं वाहन आणायला आपल्या सरकारचे नियम आहेत. आयात धोरणाच्या ८७ व्या प्रकरणात मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर हे सगळं येतं. त्यात जुन्या वाहनाला अट अशी की बनवल्यापासून ३ वर्षांपेक्षा जुनं नको. स्टिअरिंग उजव्या बाजूला पाहिजे, हेडलाईटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रस्त्याला जुळला पाहिजे, आणि पुढची ५ वर्षं रस्त्यावर चालण्यालायक पाहिजे. येणार फक्त मुंबई बंदरातून. जपानही आपल्यासारखाच डावीकडून चालतो, त्यामुळं स्टिअरिंगचा प्रश्न नाही. अडतं ते वयावर. आल्यावर वाहन तपासायचं कुणी, तर त्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, मध्य प्रदेशातलं बुदनीचं ट्रॅक्टर तपासणी केंद्र आहे, आणि आपल्या नगरची व्हीआरडीईसुद्धा आहे. संरक्षण खात्याची ती संस्था आपल्या दारात, पण तिचा आणि जपानी गाड्यांचा असा संबंध आहे हे इकडं फार कुणाला माहीत नाही.

जुन्या मोटारगाडीचं तर बघूच नका. जकातच गाडीच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त बसते. जपानच्या जुन्या मोटारी पाकिस्तान, श्रीलंका, केनिया अशा देशांत इतक्या जातात आणि आपल्याकडं दिसत नाहीत, त्याचं कारण हेच.

मग वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर आपल्या यार्डात कसा उभा राहतो? हाच प्रश्न मी पुतण्याला घेऊन गेलो तेव्हा व्यापाऱ्याला विचारला. म्हटलं, बिल ऑफ एंट्री दाखवा. म्हणजे कस्टमचा तो कागद, ज्याच्यावर माल काय म्हणून उतरला ते लिहिलेलं असतं. ट्रॅक्टर म्हणून उतरला की सुटे भाग म्हणून, चासी नंबर आहे का, साल कुठलं.

तो हसला. "तात्या, बागेतच फिरवायचाय ना? पासिंग कशाला लागतंय? पक्कं बिल देतो की."

पुतण्या म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आपण काय नगरला घेऊन जाणारे का?"

पण आमची बाग दोन गटांत आहे आणि मधून रस्ता जातो. शाळेची गाडी, दुधाच्या मोटारसायकली, ऊस वाहतुकीच्या दिवसांत जुगाड, सगळं त्याच रस्त्याने. मोटार वाहन कायद्याला शेतकरी, बागायतदार कळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर आलं की नोंदणी लागते, तिसऱ्या माणसासाठी विमा लागतो. नोंदणी नाही तर विमा कुठून येणार? कुणाला धक्का लागला, देव न करो, तर अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई सांगेल ती मालकाने खिशातून द्यायची. खिशात नसेल तर सातबारा आहेच. अडीच लाखांच्या मशीनमागं चार एकर बाग टांगायची का, एवढंच मी घरात विचारलं. वहिनी ऐकत होत्या, त्यांनी ताट उचललं आणि पुतण्याला म्हणाल्या, "आधी कागद आण, मग पैसे माग."

पोरगं चार दिवस बोललं नाही. त्याचंही चूक नाही. नवीन मिनी ट्रॅक्टर आम्हाला साडेचार लाखांच्या पुढं सांगितला, महाडीबीटीवर अर्ज केला तरी नंबर लागेल तेव्हा खरं. मजूर मिळत नाही, खुरपणीचा रोज वाढत चाललाय. ज्याला आज सरी काढायचीय त्याला कायदा सांगणं सोपं असतं. कर्जाचं म्हणाल तर नोंदणी नसलेल्या ट्रॅक्टरवर बोजा चढवायचा कशावर, म्हणून रक्कम रोखीनेच जाते, आणि पुढं विकताना घेणारा तोच प्रश्न विचारतो जो मी विचारला.

तो ट्रॅक्टर आम्ही सोडला. व्यापाऱ्याने दोनदा फोन केला, भाव वीस हजारांनी खाली आणला, कागदाचं नाव काढलं नाही. सध्या भाड्याने एक मिनी लावलाय, तासावर. पुतण्याने महाडीबीटीला अर्ज टाकलाय. शिवाय इकडं तयार होणारे, जपानी तंत्राचे बारके ट्रॅक्टर जुन्यात मिळतात का ते तो बघतोय. मित्सुबिशी शक्ती बंगळुरूची आहे, कुबोटाचेही इथं रीतसर विकलेले छोटे मॉडेल आहेत. पासिंग केलेला, आरसी बुक असलेला, एमएच १६ किंवा १७ चा असला तर उत्तम, हेलपाटे वाचतील.

ज्यांच्याकडं जपानवरून आलेला ट्रॅक्टर आहे आणि आरटीओ पासिंग झालंय, त्यांनी साल आणि कुठल्या कागदावर पासिंग झालं ते खाली लिहा. बिल ऑफ एंट्री असेल तर नाव-पत्ता झाकून फोटो टाका. पुतण्या रोज संध्याकाळी बघतो.