न वाचलेले पत्र

गतवर्षी मांजरीतील मळ्यावर राबणाऱ्या एका आजीबाईंनी मजकडे एक पत्र वाचावयास आणिले. "उद्या वाचीन," असे सांगून मी खेळावयास गेलो.

त्याच रात्री वडिलांनी लोककवी वामनदादा कर्डक यांची हकीकत सांगितली. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा मुंबईत मजुरी करीत. एकदा कोणी त्यांस पत्र वाचावयास दिले. वाचता न आल्याने त्यांना रडू कोसळले. मग दुकानांच्या पाट्या वाचीत ते अक्षरे जोडावयास शिकले. १९४३ पासून जातिभेदावर प्रहार करणारी असंख्य गीते त्यांनी रचिली आणि २००४ साली निवर्तले.

मी खजील झालो. पहाटेच आजीबाईंच्या खोपटाशी गेलो. त्यांच्या लेकीस पुत्र झाल्याचे ते पत्र होते. माझ्या आळसापायी ती आनंदवार्ता एक रात्र अडून राहिली होती.