आमचे फिरते छप्पर : येवला ते वेरूळ



आमच्यापैकी कोणी सुतार नाही की लोहार नाही. कचेरीत कारकुनी करणारी आणि रविवारी विहारात वंदनेला जमणारी आम्ही नाशिकची तीन कुटुंबे. तरीही जीपमागे जोडायचे एक लहानसे घर आम्ही स्वतःच्या हाताने बांधले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते घेऊन येवला-वेरूळची यात्रा केली. त्याचा हा अनुभव.

कल्पना निघाली ती आईच्या बोलण्यातून. वय 74, पण वेरूळ पाहिलेले नाही. ती म्हणाली, "तुझ्या बापासंगं एकदा निघाले व्हते. धर्मशाळेत जात इचारली, अन् रातोरात माघारी फिरलो." तेव्हाच ठरले, आईला न्यायचे आणि छप्पर आपले न्यायचे.

लिलावातला, नोंदणी असलेला एक जुना जीपचा ट्रेलर घेतला. चाके, एक्सल आणि पाटे चांगले होते. त्यावर 8 फूट लांब, 5 फूट रुंद अशी वॉटरप्रूफ प्लायची खोली उभी केली. खाली सामानाचे कप्पे, वर झोपायची फळी आणि मागचे दार उघडले की स्वयंपाकाचा ओटा. वेल्डिंग मात्र वस्तीतल्या जाणत्या कारागिराकडून करून घेतले. गाडीत बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ.ची परवानगी लागते, ती आधीच काढली. एकूण खर्च 68,000 रुपये. तिघांत वाटून घेतला.

मागच्या फळीवर 'जय भीम' लिहायचे की नाही, यावर मात्र वाद झाला. "मुक्कामाला जागा मिळायची नाही," असे एकाचे म्हणणे. मुलींनी कोणाचे न ऐकता निळ्या रंगात लिहून टाकले.

13 ऑक्टोबरला पहाटे निघालो. पाण्याचे कॅन आणि पुस्तकांची खोकी आम्ही मागच्या बाजूला रचली होती. निफाडच्या पुढे जीपने जरा वेग घेतला आणि ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झोलू लागला. हळूहळू वेग कमी करून कसेबसे थांबलो. आई उतरली, एकवार पाहिले आणि म्हणाली, "गाडी उलाळ झालीय. पुढं वजन घाला." आयुष्यभर बैलगाडीत बसलेल्या बाईने जे एका नजरेत ओळखले, ते आम्हा शिकलेल्यांना कळले नव्हते. खोकी एक्सलच्या पुढे सरकवली, मग ट्रेलर निमूट मागे आला. नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर मोजून हिशेब बसवला : भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा 10 ते 15 भार हुकावर यावा. आमचे वजन 400 किलो, म्हणजे हुकावर 40 ते 60 किलो.

येवल्याच्या मुक्तिभूमीवर गर्दी होती. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी इथेच धर्मांतराची घोषणा केली. त्रिसरण-पंचशील घेऊन दौलताबादकडे निघालो.

1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला याच भागात आले होते. अडचण नको म्हणून त्यांनी आपली ओळख न सांगता प्रवास करायचे ठरवले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने त्यांनी हात-तोंड धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव चालून आला. किल्ला पाहताना कोणी पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. आईला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली.

संध्याकाळी एका ठिकाणी मुक्कामाची विचारणा केली. मालकाने मागची फळी वाचली आणि "जागा नाही" म्हणाला. अंगण रिकामे दिसत होते. पुढच्या ढाबेवाल्यानेही तीच फळी वाचली आणि म्हणाला, "लावा की लिंबाखाली. पाणी लागलं तर हापशावर घ्या." बायका आत झोपल्या, आम्ही बाहेर सतरंजीवर.

रात्री परतीचा पाऊस आला. आमचे छत सपाट. पाणी साचले, स्क्रूच्या भोकांतून आत ठिबकले आणि अंथरुणे भिजली.

सकाळी वेरूळला 10 क्रमांकाच्या लेण्यात गेलो. वेरूळमधले हे एकमेव चैत्यगृह. लोक याला 'सुतार का झोपडा' म्हणतात. पुढे तथागतांची बैठी मूर्ती आणि वर कमानदार छत. त्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. कार्ले आणि भाजे येथील चैत्यांत तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत. आधी लाकडाची कमानी छपरे बांधली गेली आणि तोच आकार कारागिरांनी पुढे दगडात उतरवला. आम्ही वर पाहत राहिलो. कमानीवर पाणी साचत नाही, ही गोष्ट आमच्या कारकुनी डोक्यात तिथे शिरली. आई मात्र मूर्तीपुढे बसली होती. उठताना एवढेच म्हणाली, "बाप असता तर..."

घरी आल्यावर छत काढले. लाकडाच्या वाकवलेल्या पाच फासळ्या घालून वर पत्रा ठोकला. आता गळत नाही.

कोणाला असे फिरते घर करायचे असेल, तर कागदपत्रे आधी करा, वजन पुढे ठेवा, छताला बाक द्या, हुकाला जोडीला साखळी लावा आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नका. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

आपले छप्पर बरोबर असले तरी लिंबाखालची जागा आणि हापशाचे पाणी दुसऱ्याच्या दारात मागावेच लागते. ते ओळख लपवून मागायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. फळीवरची निळी अक्षरे मुलींनी नुकतीच पुन्हा रंगवली.