न सुटणारा ब्रेक

समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने फिरवतात त्या एटीव्हीचा मागचा ब्रेक सकाळी कधीच खराब नसतो. दादा ताडपत्री काढतो, सीटवरचं दव पुसतो, जरा पुढे नेऊन पेडल दाबतो. गाडी जागच्या जागी उभी. दुपारी साडेचारला, सलग सहावी फेरी मारून आल्यावर तोच ब्रेक धरत नाही. आमच्या ऑफिसात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर त्याच्या तीन एटीव्ही आहेत, कर्ज काढून घेतलेल्या. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे त्याची वर्षातली मोठी कमाई. मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडेच राहायला गेलो होतो. २९ तारखेला तीन नंबरच्या गाडीवर एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलीला पुढे बसवून सुरूच्या बनातल्या उतारावरून खाली आले, आणि दोरी ओलांडून थेट शहाळेवाल्याच्या टेबलापाशी जाऊन थांबले. कुणाला लागलं नाही. "पूर्ण दाबला होता हो," एवढंच ते परत परत म्हणत होते. त्यांचा पाय पेडलवर मलाही दिसला होता.

सपाट वाळूवर अशा गाडीला ब्रेक तसा कमीच लागतो. ॲक्सिलरेटर सोडला की वाळूच तिला धरते, म्हणून दुखणं लपून राहतं. उतारावर मात्र मागचा ब्रेक नसेल तर नवखा माणूस घाबरून हातातला पुढचा ब्रेक आवळतो. पुढची चाकं अडकतात, आणि अडकलेल्या चाकांनी गाडी वळत नाही. हँडल कुठेही फिरवा, ती सरळच जाते.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. ब्रेक ऑइल टाकून झालं, हवा काढून झाली. आता तो अख्खा कॅलिपर बदलू म्हणत होता. माझी डिग्री कॉम्प्युटरची, पण कॉलेजच्या चार वर्षांत जुनी बाइक मीच उघडायचो, त्यामुळे पेडल काय सांगतंय एवढं पायाला कळतं. पेडल स्पंजासारखं दबलं तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. आणि पेडल दगडासारखं कडक असून गाडी थांबत नसेल, तर दाब पोचतोय पण पॅड डिस्कला धरत नाहीयेत. तीन नंबरचं पेडल कडक होतं.

संध्याकाळी गिऱ्हाईक सरल्यावर मी तीच गाडी ओल्या वाळूवर अर्धा तास पळवली, ब्रेकला पाय न लावता. मग मागची बाजू विटांवर चढवली. या गाड्यांना मागे दोन चाकांत मिळून एकच धुरा असते, तिच्यावर एकच डिस्क आणि एकच कॅलिपर. चाक हाताने फिरेना. डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाकले तर तव्यावर टाकावेत तसे चरचरले. ब्रेक लागत नव्हता, कारण तो सुटतच नव्हता. पॅड दिवसभर डिस्कला घासत राहायचे, तापून काचेसारखे गुळगुळीत व्हायचे, आणि तापलेले, गुळगुळीत पॅड धरत नाहीत. रात्रीत सगळं थंड झालं की सकाळी पुन्हा शहाण्यासारखं.

पण सुटत का नाही? इथे पार्ट बदलत बसण्यापेक्षा मधोमध तोडून बघणं बरं. कोडमध्ये आम्ही तेच करतो. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल पाव वळसा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे कॅलिपरचा पिस्टन अडकलेला नव्हता, दाब वरून कोंडलेला होता. निपल आवळून परत अर्धा तास फेऱ्या मारल्या. आता नळीचं वरचं टोक, मास्टर सिलिंडरपाशी सैल केलं. तरीही चाक सुटलं. म्हणजे नळीही साफ. उरला मास्टर सिलिंडर आणि त्याला ढकलणारा पेडलचा दांडा.

दांड्याला जरासुद्धा ढिलाई नव्हती. मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे गेला तरच ते उघडतं, आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत परत जातं. दांडा इतका आवळलेला होता की पिस्टन केसभर पुढेच राहायचा आणि भोक झाकायचा. ऑइल तापणार, फुगणार, जायला जागा नाही, म्हणून पॅड अजून दाबणार. त्यातून अजून तापणार.

"हे कुणी आवळलं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं होतं त्याला," दादा म्हणाला. "दिवाळीत लोक म्हणायचे पेडल फार खाली जातं. घट्ट करून दे म्हटलं."

एक नंबरही तसाच आवळलेला निघाला. दोन नंबर ठीक होता. मी म्हटलं, या दोन उद्या सकाळी नको.

"उद्या एकतीसच्या आदल्या दिवसाची गर्दी आहे, कळतंय ना तुला?" तो बराच वेळ हिशेबाच्या वहीकडे बघत होता. मग उठला आणि दोन्ही गाड्यांवर स्वतःच ताडपत्री टाकली.

३० तारखेला अलिबागहून पॅड आणि डॉट ४ ऑइल आणलं. जुनं ऑइल चहासारखं झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल पितं. ताज्या डॉट ४ ला निदान २३० अंशांपर्यंत उकळी फुटू नये असं मानक आहे, ओल प्यायलेल्यासाठी तीच हद्द १५५. समुद्राकाठी ते दरवर्षी बदलायलाच हवं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मिठाने पांढऱ्या पडल्या होत्या, त्या घासून ग्रीस लावलं. पेडलला मिलिमीटर-दोन मिलिमीटर ढिलाई ठेवली. दोन्ही गाड्यांवर सहा-सहा फेऱ्या दादाने स्वतः मारल्या, मग उतार. डिस्कवरचे थेंब नुसतेच ओघळले.

एकतीसला दुपारी मेकॅनिक आला. बूट न काढता वाळूतच उकिडवा बसला, हाताने पेडल हलवून बघितलं. "सैल आहे की हो, शेठ." त्याचा हात पान्याकडे गेला.

"राहू दे," दादा म्हणाला.