बिऱ्हाड पाठीवर

प्रवासाची यादी करून निघणाऱ्या मनुष्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. परंतु त्याच्या सोबतीने प्रवास करण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. औषधे घेतली का, गॅस बंद केला का, शेजाऱ्यांकडे किल्ली दिली का, ह्या प्रश्नोत्तरांत प्रवासाचा निम्मा आनंद उंबरठ्याच्या आतच खर्ची पडतो, आणि उरलेला निम्मा, यादीत लिहिलेली वस्तू राहिलीच कशी, ह्या वादात पहिल्या टोलनाक्यापर्यंत आटोपतो. आमच्या ४६ वर्षांच्या संसारात यादी करण्याचे खाते सौभाग्यवतींकडे आणि वाद घालण्याचे माझ्याकडे, अशी वाटणी कधीच ठरून गेलेली आहे. म्हणूनच २०२५ च्या कार्तिकात एका सकाळी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता ती जेव्हा म्हणाली, "अहो, ह्या गाडीतून अंबाजोगाईला जाऊन येऊ या का? आत्ताच," तेव्हा हिला ताप तर चढला नाही ना, अशी शंका माझ्या मनात येऊन गेली.

'ही गाडी' माझ्या पुतण्याची. हल्लीच्या तरुण मंडळींना घरात राहून घराचा कंटाळा येतो आणि बाहेर पडले की घरावाचून करमत नाही. ह्या दुहेरी व्याधीवर तोडगा म्हणून कॅम्पर नावाचे वाहन निघाले असावे. आत दुमडून ठेवता येणारा पलंग, एका शेगडीचे स्वयंपाकघर, भांडी विसळण्यापुरती मोरी, पाण्याची टाकी आणि छतावर सौर पॅनेल. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाकरिता एक धोरणच जाहीर केले, तेव्हा हा छंद आता राजमान्यही झाला आहे. पुतण्या महिनाभर परदेशी जाताना गाडी आमच्या पुण्याच्या अंगणात उभी करून किल्ली आमच्या हवाली करून गेला. सौभाग्यवतींच्या तोंडी 'कॅम्पर' हा शब्द एकदाही आला नाही. पहिल्याच दिवशी आत डोकावून तिने त्या गाडीचे बारसे केले. "हे तर बिऱ्हाड आहे!"

अंबाजोगाईचे नाव निघाले त्याला कारण होते. १९७९ साली तेथील एका महाविद्यालयात मी मराठीचा अध्यापक म्हणून रुजू झालो, त्याच वर्षी आमचे लग्न झाले, आणि पुढली पंधरा वर्षे आम्ही त्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला. १९८५ मध्ये गावाबाहेरच्या माळावर तीन गुंठे जागा घेतली. निवृत्तीनंतर येथे घर बांधावयाचे, पुढल्या अंगणात सीताफळ, मागल्या दारी न्हाणीघर आणि बंब, असा आराखडा तिने वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे काढून ठेवला होता. १९९४ मध्ये पुण्याची नोकरी चालून आली, मुलगा शिकून दूरदेशी गेला, आणि घर कागदावरून जमिनीवर काही उतरले नाही. आता एका गृहस्थांनी त्या जागेला मागणी घातली होती. किंमत चांगली येत होती, मुलाची संमती होती, माझीही होती. होकार तेवढा कळवावयाचा राहिला होता. सौभाग्यवतींनी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. बायको बोलली नाही म्हणजे तिचे काही म्हणणे नाही, असा अर्थ नवरे लोक फार प्राचीन काळापासून करीत आले आहेत.

तासाभरात आम्ही निघालो. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. नगर आता अहिल्यानगर झाले आहे. तेथून जामखेडच्या रस्त्याला लागलो की कडा आणि आष्टी लागते, आणि बीड जिल्हा सुरू होतो. येथे मला एक आश्चर्य पाहावयाचे होते. नगर-बीड-परळी हा लोहमार्ग आमच्या त्या दिवसांत फक्त चहाच्या टपऱ्यांवर धावत असे. प्रत्येक निवडणुकीत तो चार मैल पुढे सरके आणि निकालानंतर पूर्वपदावर येई. २०२२ मध्ये गाडी खरोखरच आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडला पोहोचली. हैदराबाद संस्थानावरील निजामाची सत्ता १९४८ साली ह्याच तारखेस संपली. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य गावाला आगगाडी दिसावयास ७७ वर्षे लागली. रुळांपाशी आम्ही गाडी उभी करून चहा केला. रेल्वे काही आली नाही. "रूळ तरी पाहिले," सौभाग्यवती म्हणाली.

जामखेड सोडून सौताड्याला बालाघाट चढू लागलो तसे आमच्या चालत्या घरातील पेले, ताटल्या आणि सांडशी ह्यांनी एकदम भजन आरंभिले. विंचरणेचा धबधबा कार्तिकातही जोरात होता. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती; कित्येक शेतांत सोयाबीन उभ्याने काळे पडलेले आणि ओढ्याकाठची माती वाहून खाली मुरूम उघडा पडलेला. ज्या डोंगराळ मुलखात टँकरभोवती घागरींची झुंबड आम्ही उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिली, त्या मुलखाचे पाण्यानेच असे वाटोळे केलेले पाहून काय बोलावे ते सुचेना. पाटोदा मागे पडला, सांज झाली, आणि मांजरसुंब्याच्या चौकातील एका पेट्रोलपंपावर आम्ही मुक्काम ठोकला.

ह्या चौकात त्या रात्री सारा जिल्हा रस्त्यावर होता असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा. जवळच कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे, तिच्या यात्रेस निघालेल्या दिंड्या भजने म्हणत चालल्या होत्या. 'परमरहस्या'सारखा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या ह्या वीरशैव सत्पुरुषाची आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात ओझरती नोंद असते. येथे मात्र त्याच्या नावाने म्हाताऱ्या बायका अनवाणी चालत होत्या.

पंपाच्या पलीकडे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह उभा होता. ट्रॉल्यांत संसार रचले होते. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, कोपी उभारावयाचे बांबू आणि ताडपत्री, बाजरीची पोती, एक शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि ह्या सर्वांच्या फटींतून डोकावणारी मुले. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे अशीच पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, तिला उचल म्हणतात, ती ऊस तोडून फेडावयाची. ह्या व्यवसायातील एक शब्द मला भाषेचा अध्यापक म्हणून पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. तेथे माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. दांपत्याला इतके नेमके आणि इतके निष्ठुर नाव कोणत्याही स्मृतिकाराला सुचले नसेल. जोडीला उचल जास्त मिळते, म्हणून ह्या घरांतून पोरांची लग्ने कोवळ्या वयात उरकतात. बाईला दिवस गेलेले असोत वा दुखणे असो, खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचून घडी घालून ठेवले होते. पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली ते आकडे गोधड्या झटकीत होते.

त्यांच्यातील एक बाई तान्हे मूल कडेवर घेऊन आमच्या दाराशी आली. दूध तापवून मिळेल का, एवढेच तिचे मागणे. सौभाग्यवतींनी शेगडी पेटविली. बाई पायरीवर उभी राहून आतील पलंग, मोरी, दिवा सारे निरखीत होती.

"लई चांगलं बिऱ्हाड हाय. कंच्या कारखान्याला निघालाव?"

"कारखान्याला नाही. अंबाजोगाईला, आमच्या गावी."

"मंग घर आसंल तितं."

सौभाग्यवती क्षणभर थांबली. "घर नाही. जागा आहे."

"आमचं उलटं हाय," ती हसून म्हणाली. "घर हाय, पर सा म्हयने त्याला कुलूप. म्हातारी बसती राखण."

बाई धारूरकडची. दूध घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने भांडे परत करावयास आली तेव्हा त्यात दोन सीताफळे होती, मोसमातील शेवटची असावीत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण "आमच्या बांधावरची हायती" हे तिने ज्या ऐटीत सांगितले त्यापुढे कोणतेही मानांकन फिके पडावे. पहाटे आम्हांला जाग आली तेव्हा ट्रॅक्टर गेलेला होता. आम्ही ज्या रस्त्याने आलो त्या रस्त्याने तो गेला.

केज ओलांडून अंबाजोगाईत शिरलो तो दुपार होत आली होती. निजामी अमदानीत ह्या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि येथे घोडदळाची छावणी असे. विद्यार्थ्यांना मी मुकुंदराजांची समाधी दाखवावयास नेई, 'विवेकसिंधू'चा शके १११० फळ्यावर लिही. कापडावर ग्रंथ लिहिणारे दासोपंतही ह्याच गावचे. त्यांची ती ४० फूट लांबीची पासोडी प्रथम पाहिली तेव्हा, एवढी चादर धुवावयाची कोणी, हा सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न होता.

मात्र ह्या गावाची जी कथा मला सर्वांत प्रिय आहे ती ग्रंथांतली नाही. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. कोकणातून निघालेले वऱ्हाड मजल दरमजल करीत येथपर्यंत आले, परळी हाकेच्या अंतरावर राहिली, आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडी मंडळी होती तेथेच शिळा झाली. देवी येथेच राहिली, कुमारिका. हत्तीखान्याच्या लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून लोक म्हणतात, हेच ते वऱ्हाडातले हत्ती. येथून परळी जेमतेम पंचवीस किलोमीटर. दर्शन घेऊन बाहेर पडताना मी हे अंतर बोलून दाखविले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "तेवढंच तर राहून जातं." आणि मग, मी गंभीर झालेला पाहून असेल, "वऱ्हाडाची व्यवस्था पुरुषांकडे असणार."

आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. खाली मोबाईलचे दुकान. तेथे आम्ही फार वेळ थांबलो नाही.

जागा सापडावयास मात्र अर्धा तास लागला. माळ नाहीसा झाला आहे. चारी बाजूंना बंगले, गच्चीवर टाक्या, दारांत मोटारी. मध्ये आमचे तीन गुंठे तेवढे वेड्या बाभळींसह जसेच्या तसे. पडलेल्या दातांच्या ओळीत एक दात उरावा तशी जागा पुष्कळदा दिसते. येथे उलट, भरल्या दातांत एक खिंडार होते. पुढली बाभूळ टाळून मी गाडी आत घेतली. सौभाग्यवतींनी उतरून चार पावले मोजली, मला गाडी हातभर मागे घ्यावयास लावली, पुन्हा मोजले आणि म्हणाली, "हं. स्वयंपाकघर इथेच यायचं होतं."

रात्री त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र वर आला. शेजारच्या ओसरीवर पणत्या लागल्या. दार उघडे टाकून आम्ही पायरीवर बसलो. ह्या जागेवर आम्ही पूर्वीही झोपलो होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटे कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. खाटा हलल्या, फळीवरले डबे कोसळले, भिंतीला छतापासून उंबऱ्यापर्यंत चीर गेली. किल्लारीकडे काय झाले ते उजाडल्यावर कळू लागले, आणि मग कितीतरी रात्री मराठवाड्यात कोणी छपराखाली झोपेना. आम्ही मुलाला घेऊन ह्या मोकळ्या माळावर आलो. सतरंजी, कंदील, पाण्याची कळशी. आठ-दहा रात्री काढल्या. तिसऱ्या की चौथ्या रात्री मूल झोपल्यावर हिने मला विचारले होते, "इथे बांधलं तर पडेल का हो?" मी तेव्हा काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तिला आठवत होते. पण तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. त्याऐवजी तिने सीताफळे फोडली. आम्ही ती हळूहळू खाल्ली, आणि बिया तिने ताटलीत वेगळ्या काढून ठेवल्या.

सकाळी मी दाढी करीत असताना फोन वाजला. तेच गृहस्थ. मी गावात आल्याचे त्यांच्या कानी गेले होते, आणि त्यांना आनंद झाला होता.

"मग पाहिलीत ना जागा? मोकळीच आहे ना? कोणी घुसलंबिसलं नाही ना तिथे?"

मी खिडकीतून पाहिले. सौभाग्यवती पदर खोचून बाभळीच्या पलीकडे उकिडवी बसली होती, हातात पुतण्याच्या गाडीतला स्वयंपाकाचा झारा, आणि ओल्या मातीत एकेक बोट खोल खळगी करून ती बिया टाकीत होती. फोनवर हात ठेवून मी तिला गृहस्थांचा प्रश्न सांगितला.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांना म्हणावं, एक बिऱ्हाड येऊन राहिलंय."